परदेशातल्या प्रौढांना अगदी शून्यापासून इंग्रजी शिकवणं: नेमकं कुठे अडतं?

ओलीपाटी (धागाकर्ती)

मुलांना इंग्रजी कसं शिकवावं यावर भरपूर लिहिलं जातं. ज्यांना बऱ्यापैकी येतं पण मुलाखतीसाठी किंवा परीक्षेसाठी सुधारायचंय त्यांच्यासाठीही साहित्याचा ढीग आहे. पण तिशी, चाळिशी, अगदी साठी उलटलेला माणूस, इंग्रजीचा गंध नाही, शिकवणाऱ्याला त्याची भाषा येत नाही आणि देश दोघांपैकी किमान एकाला परका, या परिस्थितीबद्दल मराठीत मला फारसं काही सापडत नाही. मी हेच काम करते, आणि तुमच्यापैकीही काही जण करत असणार. म्हणून हा धागा.

सुरुवात माझ्या मुख्य तक्रारीपासून. "नवशिक्यांचा वर्ग" असं म्हणून आपल्या हाती जो गट दिला जातो, त्यात निदान चार प्रकारची माणसं असतात. एक, शाळेत कधीकाळी इंग्रजी शिकून विसरलेली. त्यांना रोमन लिपी वाचता येते, दोन-तीनशे शब्द आत कुठेतरी पडलेले असतात, महिनाभरात ती भराभर पुढे जातात. दोन, स्वतःच्या भाषेत उत्तम शिकलेली आणि तिची लिपीही रोमनच, पण इंग्रजी शून्य. तीन, शिकलेली, पण वेगळ्या लिपीत: अरबी, थाई, चिनी. चार, ज्यांना कुठल्याच भाषेत लिहिता-वाचता येत नाही. प्रवेशाच्या वेळी "तुम्हाला इंग्रजी येतं का?" एवढंच विचारलं जातं आणि चौघंही "नाही" म्हणतात. उत्तर एकच असल्याने चौघं एका खोलीत येतात.

पाठ्यपुस्तकं मात्र दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी लिहिलेली असतात. भाषा कुणाला किती येते हे ठरवणारी युरोप परिषदेची पातळ्यांची मोजपट्टी २००१ साली आली ती ए-वन या पहिल्या पातळीपासून सुरू झाली. त्याच्याही खालची पायरी पुढच्या आवृत्तीत जोडली गेली, आणि साक्षरता आणि नवी भाषा एकाच वेळी शिकणाऱ्या प्रौढ स्थलांतरितांसाठीचं वेगळं मार्गदर्शन यायला २०२२ उजाडलं. म्हणजे चौथ्या प्रकारची माणसं अगदी आत्ताआत्तापर्यंत कागदावरसुद्धा नव्हती.

दुसरी अडचण प्रौढपणाची. जो माणूस घर चालवतो, हाताखाली माणसं ठेवून काम करवून घेतो, त्याला आपण "धिस इज अ पेन" म्हणायला लावतो. त्याला ते कळत नाही म्हणून तो गप्प नसतो. आपल्या तोंडून एवढंच निघतंय हे त्याला सहन होत नाही म्हणून तो गप्प असतो.

तिसरी अडचण शिक्षकाच्या स्वतःच्या बोलण्याची. पहिल्या महिन्यात वर्गातला सगळ्यात अवघड मजकूर म्हणजे शिक्षकाच्या सूचना, असं माझं ठाम मत झालंय.

तुम्ही पहिले काही आठवडे कसे काढता? कोणत्या क्रमाने जाता? सविस्तर लिहा.

---

दूरदेशी

तिसऱ्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. नव्या शिक्षकाचं पहिल्या तासाचं ध्वनिमुद्रण त्यालाच ऐकवावं. "ओके, सो व्हॉट आय वुड लाइक यू टू डू नाऊ इज जस्ट हॅव अ क्विक लुक ॲट नंबर थ्री", यातलं शिकणाऱ्याच्या हाती काय लागतं? फार तर "नंबर थ्री". बाकी सगळा गोंगाट. तेच "लुक ॲट नंबर थ्री" एवढंच म्हणून पुस्तक वर धरलं, बोट ठेवलं, की काम होतं.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. काही जण सोपं करायचं म्हणून व्याकरणच मोडतात: "यू बुक ओपन" वगैरे. शिकणारा आपलं वाक्य जसंच्या तसं उचलतो. वाक्य छोटं हवं, पण बरोबर हवं. "ओपन युवर बुक." "लिसन." "रिपीट." "वर्क विथ अ पार्टनर." अशी आठ-दहा वाक्यं ठरवून घ्यायची, दर वेळी तीच, त्याच हातवाऱ्यासकट. शब्द बदलायचे नाहीत. "पार्टनर" म्हटलं की पुढच्या वेळी "फ्रेंड" किंवा "पेअर" नाही.

आणि "डू यू अंडरस्टँड?" हा प्रश्न वर्गातून हद्दपार करावा. प्रौढ माणूस त्याला नेहमी "येस"च म्हणतो. कळलं नाही हे सगळ्यांदेखत सांगायला भाषा लागते आणि धाडसही लागतं, पहिल्या महिन्यात दोन्ही नसतं. त्याऐवजी एकाला पुढे घेऊन काम करून दाखवायचं, मग दोघांना करायला लावायचं, मग सगळ्यांना. कळलं की नाही ते हातांवरून दिसतं.

याच धर्तीवर जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात एक पद्धत मांडली: शिक्षकाने आज्ञा द्यायची, शिकणाऱ्याने फक्त शरीराने प्रतिसाद द्यायचा. उठा, दाराकडे जा, दार उघडा, पेन टेबलावर ठेवा. बोलायची सक्ती नाही. गप्प राहूनही माणूस वर्गात भाग घेऊ शकतो, हा तिचा मोठा गुण. पण वयस्कर माणसांना उठबस करायला लावताना त्यांचे गुडघे आणि त्यांची प्रतिष्ठा दोन्ही सांभाळा. मी वस्तू हलवण्याच्या आज्ञा देतो, माणसं हलवण्याच्या नाही. टेबलावर किल्ली, पेन, फोन, कागद. "पुट द की अंडर द पेपर." कुणालाही त्यात पोरकट वाटत नाही.

---

खडूफळा

मी मुख्यत्वे चौथ्या प्रकारच्या लोकांबरोबर काम करते, म्हणून त्यावरच लिहिते. थोडं लांबेल.

निरक्षर प्रौढाला इंग्रजी शिकवणं म्हणजे फक्त भाषा शिकवणं नाही, हे मान्य करूनच वर्गात जावं. कागदावरची रेघ डावीकडून उजवीकडे वाचायची, चित्राखालचा शब्द त्या चित्राचा असतो, तक्ता आडवा-उभा वाचतात, रिकाम्या चौकटीत काहीतरी भरायचं असतं, हे सगळं शिकलेलं असतं. आपण इतक्या लहानपणी शिकलो की ते जन्मजात वाटतं. "जोड्या लावा" हा प्रश्न पहिल्यांदाच पाहणाऱ्या माणसाला दोन ओळींमधली रेघ काय सांगते ते कळायचं काहीच कारण नाही. मग शिक्षक समजतो की शब्दच आले नाहीत. शब्द आलेले असतात, तक्ता आलेला नसतो.

अशा लोकांसाठी ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांचं नाव हमखास घेतलं जातं. १९६३ मध्ये ब्राझीलच्या ईशान्येकडे आंजिकोस गावात त्यांनी सुमारे ३०० कष्टकऱ्यांना साधारण ४० तासांत वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला. लोकांच्या जगण्यातले शब्द निवडायचे, त्यांवर चर्चा करायची, मग ते शब्द अवयवांत, म्हणजे उच्चाराच्या छोट्या तुकड्यांत, फोडून नवे शब्द घडवायचे. या कामाबद्दल मला अतोनात आदर आहे. पण ते जसंच्या तसं इंग्रजीच्या वर्गात आणू पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ती माणसं पोर्तुगीज बोलतच होती, फक्त लिहीत-वाचत नव्हती. आणि पोर्तुगीजचं लेखन उच्चाराला बरंच धरून चालतं, अवयव फोडून पुन्हा जुळवता येतात. इंग्रजीत आपल्याकडे यातलं एकही नाही. शब्द तोंडात नाही आणि लेखन उच्चाराला धरून नाही.

त्यांच्यापासून घ्यायचं ते हे की वाचनाचा शब्द आधी शिकणाऱ्याच्या ओळखीचा हवा. लहान मुलांना ध्वनीवरून वाचायला शिकवताना एस, ए, टी, पी, आय, एन ही अक्षरं आधी घेतात, कारण तेवढ्यात भरपूर छोटे शब्द बनतात: टॅप, पिन, नॅप, सिट. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला हे शब्द आधीच माहीत असतात, त्यामुळे अक्षरं जुळवली की त्याला अर्थ सापडतो. आपल्या शिकणाऱ्याने "नॅप" अचूक वाचलं तरी त्याच्या हाती एक निरर्थक आवाज लागतो. म्हणून मी उलटं करते. आधी तोंडी, मग कागदावर. आणि सुरुवात प्रत्येकाच्या स्वतःच्या नावापासून. नावातलं पहिलं अक्षर, ते अजून कुणाच्या नावात आहे, फळ्यावरच्या शब्दांत कुठे आहे. त्याबरोबर चार-पाच अख्खे शब्द चित्रासारखे ओळखायचे: ओपन, क्लोज्ड, एक्झिट, पुश, पुल. हे शब्द बाहेर पडल्यावर लगेच दिसतात आणि माणूस दुसऱ्या दिवशी येऊन फोनमधला फोटो दाखवतो, की हा शब्द मी वाचला.

अक्षरांची नावं आणि अक्षरांचे आवाज एकाच दिवशी शिकवू नका. आपल्या बाराखडीत अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज. इंग्रजीत "एच" या नावात "ह" नाही, "डब्ल्यू"मध्ये "व" नाही. नावं लागतात ती स्वतःचं नाव कुणाला तरी अक्षरं सुटी करून सांगताना. ती गरज वेगळी, तिचा धडा वेगळा.

शेवटचं: छापील अक्षर मोठं ठेवा. चाळिशी उलटलेल्या कित्येकांनी कधी चष्म्याचा नंबर काढलेलाच नसतो, कारण वाचायची वेळच आली नव्हती. आणि पेन धरायला वेळ द्या. जड काम करून घट्ट झालेल्या बोटांना बारीक पेन्सिलीपेक्षा जाड मार्कर बरा पडतो.

---

विचारतो_म्हणून

खूप माहितीपूर्ण. माझा अनुभव नाही, पण शंका आहे. आता प्रत्येकाच्या फोनमध्ये भाषांतर करणारं ॲप आहे. मग हातवारे, चित्रं, वस्तू हे सगळं कशाला? एक शब्द टाकला की अर्थ समोर.

---

दूरदेशी

रास्त शंका. एकट्या शब्दासाठी, विशेषतः "आठवडा", "जबाबदारी" असे हातवाऱ्याने न दाखवता येणारे शब्द असतील तर मी स्वतःच सांगतो, फोन काढा. पाच मिनिटांचा अभिनय वाचतो. गडबड तिथे होते, जिथे माणूस अख्खं वाक्य फोनला देतो आणि फोनने दिलेलं वाक्य वाचून दाखवतो. ते वाक्य त्याच्या पातळीच्या कितीतरी वरचं असतं, शेजाऱ्याला कळत नाही, आणि दोघांचं संभाषण तिथेच संपतं. शिवाय वाचता न येणाऱ्याला फोनने आवाजात भाषांतर दिलं तरी ते बरोबर आहे का हे तपासायचा मार्ग नसतो. माझा नियम: शब्द फोनला विचारा, वाक्य एकमेकांना.

---

मुळाक्षर

फोनच्या निमित्ताने मोठा प्रश्न पुढे आलाय तो शिकणाऱ्यांच्या भाषेचा. "वर्गात फक्त इंग्रजी" हा नियम कित्येक ठिकाणी भिंतीवर लिहिलेला असतो. तो कुठून आला ते माहीत असलेलं बरं. १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे इंग्रजी अध्यापनावर राष्ट्रकुल देशांची परिषद झाली. तिथे जे सूर लागले त्यांचं सार असं: इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं, आदर्श शिक्षक म्हणजे जन्मतः इंग्रजीभाषक, जितक्या लवकर सुरुवात आणि जितकं जास्त इंग्रजी तितकं चांगलं, इतर भाषा वापरल्या तर दर्जा घसरतो. पुढे १९९२ मध्ये रॉबर्ट फिलिपसन या अभ्यासकाने या पाचही समजुती निराधार असल्याचं सविस्तर मांडलं. तरी भिंतीवरची पाटी तशीच आहे.

माझ्या मते वर्ग एकभाषिक असेल, सगळे व्हिएतनामी किंवा सगळे तुर्की, तर पहिल्या आठवड्यात त्यांच्या भाषेत दहा मिनिटं बोलू देणं ही चैन नाही, गरज आहे. आपल्याला ती भाषा येत नसली तरी. जोडीत एकाला कळलं, तो दुसऱ्याला सांगतो. त्यातून इंग्रजी बुडत नाही, उलट पुढचा अर्धा तास सगळे एकाच पानावर असतात. मिश्र वर्गात मात्र एकच भाषा बोलणारे चौघं एका कोपऱ्यात आणि ती न बोलणारा एकटा दुसऱ्या कोपऱ्यात असं होतं. तिथे जोड्या मुद्दाम मोडाव्या लागतात.

याच समजुतीचा दुसरा परिणाम आपल्यासारख्यांवर होतो. दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकांचा व्हिसा इंग्रजीसाठी ठरावीक सात देशांच्या नागरिकांपुरता राखलेला आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. व्यापार करारांमुळे काही सवलती आहेत, पण मूळ यादी हीच. इतरत्र कायद्यात नसलं तरी जाहिरातींत दिसतं. आणि खरं सांगायचं तर नवशिक्याला काय अडतं हे ज्याने स्वतः इंग्रजी शिकून मिळवलंय त्याला जास्त दिसतं. मराठीत "अ", "अन", "द" यांना जोड नाही. रशियन, चिनी, जपानी, कोरियनमध्येही नाही. "द" कुठे येतो याचा त्रास आपण भोगलेला आहे, त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांत त्यावरून कुणाला टोकायचं नाही हे आपल्याला सांगावं लागत नाही. तसंच "आय टीचर" म्हणणाऱ्या रशियन किंवा अरबी माणसाचं. त्याच्या भाषेत वर्तमानकाळात तिथे क्रियापद नसतं. आपणही "माझं नाव अमुक" म्हणतोच की, "आहे" गाळून.

---

स्वरयंत्र

मुळाक्षर, शेवटच्या परिच्छेदाला +१, पण नाण्याची दुसरी बाजूही मांडतो. आपला फायदा आहे तसा उच्चारांत आपला अडथळाही आहे, आणि तो ओळखला तर दुरुस्त होतो.

अरबीत "प" नाही, त्यामुळे अरबी बोलणारे "पेन"ला "बेन" म्हणतात. ते सुधारायला आपण "पेन, पेन" म्हणून दाखवतो. पण मराठी "प" हवेचा झोत न सोडता उच्चारला जातो. इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीचा, आघाताचा (म्हणजे ज्या भागावर जोर देतात त्यातला) "प" मात्र झोत सोडून उच्चारतात, आणि "ब"पासून तो वेगळा ऐकू येण्यात त्या झोताचा मोठा वाटा असतो. आपला मराठी "प" ऐकून शिकणाऱ्याला फरकच सापडत नाही. उपाय सोपा: ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. "पेन" म्हटल्यावर पट्टी हलली पाहिजे, "बेन" म्हटल्यावर जवळजवळ नाही. आधी स्वतः करून बघा.

दुसरं, आघात. "थर्टीन" आणि "थर्टी", "फोर्टीन" आणि "फोर्टी". यातला फरक आघातावर आणि शेवटच्या "न"वर उभा आहे. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपलं तिकडे लक्षच नसतं. व्हिएतनामी बोलणारे शेवटची व्यंजनं गाळतात किंवा दाबतात, म्हणजे उरलेला आधारही जातो. वेळ, रक्कम, पत्ता, औषधाचं प्रमाण, सगळं या आकड्यांवर चालतं. मी यावर खूप वेळ देतो. एकाने आकडा बोलायचा, दुसऱ्याने अंकात लिहायचा, कागद दाखवायचा. चूक झाली तर दोघांनाही लगेच कळते.

तिसरं, "कॅन" आणि "कान्ट". भरभर बोलण्यात शेवटचा "ट" कित्येकदा ऐकूच येत नाही आणि नेमका उलटा अर्थ पोचतो. कामाच्या ठिकाणी हे धोक्याचं आहे. नवशिक्यांना बोलायला मी "कॅनॉट"च शिकवतो. थोडं औपचारिक वाटेल, पण गैरसमज होत नाही.

बाकी स्पॅनिश बोलणाऱ्याचं "एस्कूल" किंवा जपानी बोलणाऱ्याचं "बेद्दो" यांच्या मागे पहिल्या महिन्यात लागू नये. ते ऐकणाऱ्याला कळतं. कळण्याच्या आड येतं तेवढंच आधी.

रोमन लिपी येणाऱ्यांबद्दलही एक सावधगिरी. तुर्की १९२८ पासून रोमन लिपीत लिहिली जाते, पण तिच्यात "सी" हे अक्षर "ज"सारखं वाचतात. व्हिएतनामीत "एक्स" हा "स" असतो. स्पॅनिशमध्ये "जे" हा "ह"च्या जवळचा. लिपी ओळखीची आहे म्हणून वाचन सोपं जाईल असं गृहीत धरू नये. ओळखीचं अक्षर चुकीचा आवाज घेऊन येतं, आणि तो आत्मविश्वासाने येतो.

---

परकी_भाषा

मी शिक्षिका नाही. परदेशात येऊन मोठ्या वयात तिथली भाषा शिकले, तेव्हा बाकाच्या या बाजूचं लिहिते. भाषा इंग्रजी नव्हती, पण वर्ग असाच होता.

शिक्षक सावकाश बोलले की मदत व्हायची. मोठ्याने बोलले की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला कमी ऐकू येत नव्हतं.

मी बोललेलं प्रत्येक वाक्य दुरुस्त झालं की मी पुढचं वाक्य बोलायचं टाळायचे. एक शिक्षिका वेगळं करायच्या. मी बोलून संपेपर्यंत थांबायच्या, मग बोटांवर वाक्यातला एकेक शब्द मोजायच्या आणि जिथे शब्द गळलाय ते बोट हलवायच्या. काय चुकलं ते मीच शोधायचे. त्यात कमीपणा वाटला नाही.

आणि वर्गात मला काय सांगायचंय हे कुणी विचारावं असं फार वाटायचं. पुस्तकातल्या माणसाचं नाव, गाव, छंद सांगून सांगून कंटाळा आला होता. ज्या दिवशी मला माझ्या आधीच्या कामाबद्दल बोलायला सांगितलं, त्या दिवशी माझ्याकडे शब्द नव्हते, तरी मी सगळ्यात जास्त बोलले.

---

खडूफळा

परकी_भाषा, तुमचा शेवटचा परिच्छेद मी माझ्या सहकाऱ्यांना वाचून दाखवणार आहे.

त्याचंच एक प्रत्यक्ष रूप असं करता येतं. शिकणाऱ्याने काही सांगायचं: मोडक्या इंग्रजीत, चित्र काढून, हाताने. शिक्षकाने ते दोन-तीन छोट्या वाक्यांत फळ्यावर लिहायचं. तोच त्या दिवसाचा वाचनाचा धडा. "आय वॉज अ टेलर. आय मेड कोट्स. आय हॅड माय ओन शॉप." तो मजकूर त्याचाच असल्यामुळे वाचताना अर्थ शोधावा लागत नाही, फक्त अक्षरं शोधावी लागतात. आणि वर्गातल्या बाकीच्यांना पहिल्यांदा कळतं की शेजारी बसलेला हा माणूस कोण आहे. धागाकर्तीने मांडलेल्या प्रतिष्ठेच्या प्रश्नाला मला सापडलेलं हे सर्वांत चांगलं उत्तर आहे.

---

विचारतो_म्हणून

पण वयाचा मुद्दा राहतोच ना? लहानपणी भाषा आपोआप येते, मोठेपणी डोकं तितकं चालत नाही असं सर्रास म्हणतात.

---

मुळाक्षर

सर्रास म्हणतात, आणि शिकणारे स्वतःही म्हणतात, हीच अडचण. एरिक लेनेबर्ग या भाषा-अभ्यासकाने १९६७ मध्ये भाषा शिकण्याचा कळीचा काळ वयात येण्यासुमारास संपतो असं मांडलं, तेव्हापासून ही कल्पना फार पसरली. उच्चारांच्या बाबतीत तिच्यात तथ्य आहे. पण कॅथरीन स्नो आणि मरियन हूफनागल-होहले या संशोधकांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास वाचण्यासारखा आहे. नेदरलँड्समध्ये राहायला गेलेल्या इंग्रजीभाषकांना डच कशी येत गेली हे त्यांनी तपासलं. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेले ते किशोर आणि प्रौढ. तीन ते पाच वर्षांची मुलं सगळ्यात मागे होती. मुलं नंतर गाठतात ते वेगळं.

मुलाला दिवसभर खेळायला सवंगडी असतात, चुकलं तरी कुणी मनावर घेत नाही, आणि त्याच्याकडून अपेक्षाही चार वाक्यांची असते. प्रौढाला दिवसभराच्या कामानंतर आठवड्यातून दोन संध्याकाळी मिळतात. तुलना करताना वयाबरोबर तासही मोजा.

---

ओलीपाटी (धागाकर्ती)

सगळे प्रतिसाद वाचतेय, काही तर छापून ठेवलेत.

आता एक असा प्रश्न, ज्याला मला समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही. उपस्थिती. कामाच्या पाळ्या बदलतात, मूल आजारी पडतं, माणूस दोन आठवडे येत नाही आणि मग येतो. शिवाय नवे लोक कधीही दाखल होतात. गेल्या वेळच्या धड्यावर पुढचा धडा रचायचा ही साधी गोष्टच शक्य नसते. वर पहिल्या प्रकारचे लोक कंटाळलेले आणि चौथ्या प्रकारचे घाबरलेले, एकाच वेळी.

---

दूरदेशी

मी धड्यांची साखळी सोडून दिली. प्रत्येक तास स्वतःपुरता पूर्ण: एक परिस्थिती, एक छोटं संभाषण, सात-आठ शब्द. वेळ ठरवणं, पत्ता विचारणं, आजारी असल्याचं कळवणं. काही आठवड्यांनी तीच परिस्थिती पुन्हा येते, थोडी वरच्या पातळीवर. जो आधी होता त्याची उजळणी होते, जो नव्हता त्याची सुरुवात. पुन्हा तेच आलं म्हणून तक्रार करणारे पुढे गेलेले लोक असतात. त्यांना तेच संभाषण पुस्तक बंद करून, अडथळा घालून करायला देतो: वेळ जुळत नाही, पत्ता सापडत नाही.

चारही प्रकारांसाठी विषय एकच ठेवतो, काम वेगळं. एकच चित्र. कुणी त्यावरून पाच वाक्यं लिहितो, कुणी दिलेले शब्द चित्रावर चिकटवतो, कुणी ऐकून बोट ठेवतो. मग सगळे एकत्र बोलतात. बोलण्यात चौथ्या प्रकारचा माणूस पुष्कळदा पहिल्यापेक्षा पुढे असतो, कारण तो कायम कानावरच जगलेला असतो. त्याला ते वर्गात दिसू द्या.

---

स्वरयंत्र

मोठ्या वादाचा उल्लेख राहिला, आधी बोलणं की आधी वाचणं. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक हॅरोल्ड पामर १९२२ मध्ये जपानला गेले, त्यांचा आग्रह आधी कान आणि तोंड. त्याच सुमाराला ढाक्यात काम करणारे मायकेल वेस्ट म्हणत होते की बंगालच्या विद्यार्थ्याला इंग्रजीची गरज मुख्यतः वाचण्यासाठी आहे, म्हणून आधी वाचन. शंभर वर्षं झाली. दोघंही आपापल्या विद्यार्थ्यांबद्दल बरोबर असावेत असं मला वाटतं. शिकणाऱ्याला उद्या सकाळी कुठे काय करायचंय ते विचारा, त्यावरून क्रम ठरवा.

---

ओलीपाटी (धागाकर्ती)

धन्यवाद, दूरदेशी. फिरून येणाऱ्या विषयांची कल्पना पुढच्या सत्रापासून सुरू करते.

एक प्रश्न तपासणीचा. संस्था विचारते की "एवढ्या तासांत ए-वन का झाला नाही?"

---

मुळाक्षर

ए-वनला साधारण ९० ते १००, त्यापुढच्या ए-टूला एकूण १८० ते २०० मार्गदर्शित (शिक्षकाबरोबरचे) तास हा इंग्रजीच्या परीक्षा घेणाऱ्या केंब्रिजचा सर्वसाधारण अंदाज आहे. तो शाळा शिकलेल्या, नियमित येणाऱ्या माणसाला धरून वाचावा. नव्या लिपीचा भार असेल तर तास वाढतात, साक्षरताच नवी असेल तर ही मोजपट्टीच लागू पडत नाही. संस्थेला हे लेखी द्या, आणि प्रवेशाच्या वेळी एक पान भरून घ्यायला सुरुवात करा: स्वतःच्या भाषेत चार ओळी लिहा, नाव रोमन लिपीत लिहा, शाळा किती वर्षं. माणूस पेन कसं धरतो, कागद कसा फिरवतो, एवढं पाहिलं तरी तो चारपैकी कुठल्या प्रकारचा ते बरंचसं कळतं. मग प्रगतीची तुलना त्याच पानाशी करा.

---

खडूफळा

त्यातच भर. तपासणीसाठी पुस्तकातली चाचणी न घेता खरा फॉर्म भरायला द्या. नाव, आडनाव, पत्ता, जन्मतारीख, फोन, सही. यात वाचन, लेखन, आकडे सगळं येतं आणि संस्थेलाही ते दाखवता येतं. जन्मतारखेकडे मात्र खास लक्ष द्या. अमेरिकी फॉर्मवर महिना आधी, ब्रिटिश फॉर्मवर दिवस आधी, आणि काही जणांच्या कागदपत्रांवर वेगळ्याच पंचांगातलं वर्ष. थाई कागदांवर बौद्ध सन असतो, तो इसवी सनापेक्षा ५४३ने पुढे. ३/४ म्हणजे मार्च की एप्रिल हे सरकारी कागदावर चुकलं तर निस्तरायला फार वेळ जातो. महिना अक्षरांत लिहायला शिकवा, "Apr", "Mar" असा तीन अक्षरांत लिहिला तरी चालतो. बारा महिन्यांची ही तीन-तीन अक्षरं मी पहिल्याच महिन्यात भिंतीवर लावते.